डोंगराच्या राजाची सही

डोंगराच्या राजाची सही घ्यायला स्वावा त्या उन्हाळ्यात चार वेळा क्रोकदालुरला गेली, आणि चारही वेळा राजा गोठ्यात होता. आइसलंडच्या राजधानीपासून पाच तास गाडी हाकायची, वाटेत पेट्रोल पंपावर तळलेला कांदा घातलेलं सॉसेज खायचं, खोऱ्यात पोचायचं, आणि राजाच्या सुनेनं दारातच सांगायचं, "केटिल गोठ्यात आहे. आज काही बाहेर यायचा नाही." गोठ्यात जाऊन भेटावं म्हटलं तर आतून कडी. भर उन्हाळ्यात, सगळी मेंढरं डोंगरावर चरत असताना, रिकाम्या गोठ्यात हा माणूस दिवसभर काय करतो, हे सुनेलाही माहीत नव्हतं.

राजा म्हणजे मुकुटबिकुट काही नाही. सप्टेंबरात डोंगरावरची मेंढरं खाली हाकून आणायची मोहीम असते, तिचा म्होरक्या. खोऱ्यातले शेतकरी त्याला निवडून देतात आणि ते तीन दिवस त्याच्या शब्दाबाहेर कोणी जात नाही. बाकीचं वर्षभर तो साधा केटिल, वय अडुसष्ट, गुडघे दुखणारा. पण खोऱ्याच्या वतीनं कुठल्याही कागदावर सही करायची तर ती त्याचीच लागे, आणि स्वावाला ती निवडीच्या, म्हणजे खाली आणलेली मेंढरं ज्याची त्याला वाटायच्या दिवसापर्यंत हवी होती. नाही मिळाली तर कंपनी बंद, नऊ माणसं घरी, आणि स्वावा परत माशांच्या मुंडक्यांकडे.

मुंडक्यांचं सांगायला हवं, कारण तिची सगळी कारकीर्द तिथूनच निघाली. विद्यापीठात ती तत्त्वज्ञान शिकली, म्हणजे पदवी मिळाली आणि नोकरी मिळाली नाही. मग उत्तरेकडच्या मासे वाळवायच्या एका कारखान्यात फोनवर बसली. आपला कॉड मासा दक्षिणेकडे विकला जातो आणि मुंडकी मागे राहतात. ती लाकडी मांडवांवर वाऱ्यात टांगून दगडासारखी वाळवायची आणि गोण्या भरून नायजेरियाला पाठवायची. तिकडे रश्श्यात ती नसली तर पाहुणे नावं ठेवतात. स्वावानं सहा वर्षं मुंडकी विकली आणि झकास विकली. तिची सगळ्यात मोठी गिऱ्हाईक होती आबा शहरातली ओबियागेली, बाजारात चाळीस वर्षं काढलेली बाई. ती दर सप्टेंबरात स्वतः येई, मांडवाखाली हिंडे, एक मुंडकं दुसऱ्यावर आपटून कान देऊन आवाज ऐके, आणि आवाज पसंत पडला तरच बोलणी सुरू करी.

पण मुंडक्यांचा वास केसांतून जात नाही. एवढ्या एका कारणासाठी स्वावानं ती नोकरी सोडली आणि ब्लॉकचेनच्या धंद्यात शिरली. तिथं वास नव्हता. खरं तर तिथं काहीच नव्हतं, आणि तेच विकायचं होतं.

नऊ वर्षांत तिनं सात कंपन्या पाहिल्या. पद सगळीकडे एकच, धंदा वाढवणारी अधिकारी. म्हणजे ज्या माणसाला आपली काडीची गरज नाही त्याला जेवायला न्यायचं आणि बिल येण्याआधी ती गरज त्याच्या गळ्यात घालायची. एका कंपनीनं चंद्रावरच्या जमिनीचा खेळ काढला होता. दुसरीत खेळणाऱ्यांनी ड्रॅगनची अंडी उबवायची होती. अंडी फुटायच्या आधी कंपनी फुटली. प्रत्येक कंपनीनं जाता-जाता एक पाठपिशवी दिली. ब्लॉकचेन म्हणजे काय, हे ती वर्षातून दोनशे वेळा सांगे: एक नोंदवही, तिच्या प्रती जगभर हजारो यंत्रांत, एकदा लिहिलं की कोणाला खोडता येत नाही. लोक मान डोलवत आणि मग विचारत, "पण खोडायला निघालं होतं कोण?" याचं उत्तर तिला नऊ वर्षांत सापडलं नव्हतं.

आठवी कंपनी स्तुर्लाची. स्तुर्ला तिच्याहून बारा वर्षांनी लहान, कायम मोजे घालून कचेरीत हिंडणारा, आणि वाईट बातमी आली की आनंदानं टाळ्या वाजवणारा. त्याचा खेळ मेंढ्यांचा होता. फोनमध्ये मेंढी पाळायची, तिला कोकरं व्हायची, ती विकायची. प्रत्येक मेंढीची कानखूण, म्हणजे मालक ओळखायला कानाला दिलेला काप, वेगळी, आणि ती खूण ज्याच्या नावावर नोंदली तोच मालक. खेळ जगभर पोचवण्याचं काम स्टॉकहोमची एक कंपनी घेणार होती. तिनं एकच अट घातली. बाजारात मेंढ्यांचे चाळीस खेळ पडलेत; तुमच्या खुणा खऱ्या खोऱ्यातल्या, खऱ्या शेतकऱ्यांच्या, आणि खोऱ्याच्या सहीनिशी असतील तरच बोलू.

"तुझे आजोबा कुठल्याशा खोऱ्यातले होते ना?" स्तुर्ला म्हणाला.

"क्रोकदालुर. तीनशे बारा खुणा आहेत तिथं."

"मग झालंच की," म्हणून त्यानं टाळ्या वाजवल्या. तेव्हाच स्वावाला शंका यायला हवी होती.

पहिल्या खेपेच्या आधीच तिनं चौसष्ट पानांचा करार राजाच्या घरी टपालानं पाठवला होता. दुसऱ्या खेपेला विचारलं तर सून म्हणाली, "कागद होते खरे. आता दिसत नाहीत." तिसऱ्या खेपेला स्वावा थेट योरुनकडे गेली.

योरुन खोऱ्याच्या कानखुणांची वही सांभाळते. वय ब्याऐंशी, कान तिखट, फक्त नको ते ऐकू येत नाही. तिनं दार उघडलं, स्वावाला बुटांपासून केसांपर्यंत पाहिलं आणि नमस्कार-चमत्काराच्या भानगडीत न पडता विचारलं,

"तू कोणाची?"

"बाक्की शेतावरच्या ग्रीमुरची नात."

"कुठली? घोड्यावरून पडली ती, की शिकली ती?"

"शिकलेली."

"पडलेली हुशार होती. ये आत."

कॉफी झाली, पीळ घातलेली तळलेली गोड क्लाइनुर झाली, पुन्हा कॉफी झाली. स्वावानं खेळ समजावून सांगितला. योरुननं फोनवर धरलेलं भिंग बाजूला ठेवलं.

"या मेंढ्यांना चारा काय घालतात?"

"चारा नाही लागत. त्या फोनमध्ये असतात."

"लोकर?"

"नाही निघत."

"लेंड्या?"

"नाही."

"म्हणजे मेंढी म्हणायला कान तेवढे उरले."

"तेच तर. म्हणून कान तरी खरे हवेत."

योरुनला हे पटलं. स्वावाच्या नऊ वर्षांत इतक्या लवकर कोणाला काही पटलं नव्हतं.

"तुझी स्वतःची आहेच की," योरुन म्हणाली. "ग्रीमुर गेला तेव्हा बाक्कीची खूण तुझ्या नावावर लावली. उजवा कान मागून तिरपा, डाव्याला पुढून खाच. तुझी तू कोणालाही दे, त्याला केटिलची सही लागत नाही."

स्वावा हे साफ विसरली होती. तिच्या डोक्यात लगेच चक्रं फिरली: स्टॉकहोमला नमुना दाखवायला एक खरी खूण आणि एक परदेशी धारक. परदेशात तिचं कोण होतं? तिनं बाक्कीची खूण ओबियागेलीला भेट म्हणून देऊन टाकली. ब्लॉकचेनवर नोंद झाली. सोबत एक देखणा दाखलाही केला. त्यात एक जुनं वाक्य घातलं, ग्रीमुरच्या कागदांतून उचललेलं: 'ही खूण आणि ती मिरवणारं प्रत्येक जनावर, सर्व हक्कांसह व सर्व कर्तव्यांसह, धारकास कायमचं दिलं आहे.' वाक्याला जुन्या लाकडाचा वास होता. मोठ्या करारातही तिनं तेच घातलं होतं. शोभेला म्हणून दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या, एक स्तुर्लाची, एक चित्रं काढणाऱ्या मुलीची.

योरुन म्हणाली, वहीत ठेवायला एक प्रत मला पाठव. स्वावानं कौतुकानं पाठवली. वहीतली नोंद पेन्सिलीची होती. योरुननं स्वावाचं नाव खोडरबरानं पुसलं आणि त्या जागी ओबियागेलीचं लिहिलं, आबाच्या पत्त्यासकट.

ऑगस्टच्या अखेरीला ओबियागेलीचा फोन आला.

"मुली, मेंढी दिलीस, बरं केलंस. पण हे पत्र कसलं?"

"कुठलं पत्र, मॅडम?"

"पिवळं पाकीट. माझ्या लेकानं भाषांतराच्या यंत्रात घालून वाचून दाखवलं. 'बाक्कीच्या खुणेच्या धारकास. डोंगरपाळीसाठी एक धडधाकट माणूस, तीन दिवस, पावसाचे कपडे आणि स्वतःचा डबा. न आल्यास राजाला कळवण्यात येईल.' पंधरा वर्षांची ओळख आपली, आणि तुमच्याकडे राजा असतो हे तू मला सांगितलं नाहीस."

"मॅडम, तुम्ही ते मनावर घेऊ नका. चुकून आलंय."

"माझं नाव बरोबर लिहिलंय. दुकानाचा नंबरही. चूक कुठं आहे?"

तसली पिवळी पाकिटं स्वावालाही येत. फोन ठेवून ती स्वयंपाकघरात गेली आणि ज्या खणात मेणबत्त्या आणि मेलेले सेल पडलेले असत तो तिनं पूर्ण बाहेर ओढला. तळाशी अकरा पिवळी पाकिटं होती. दर ऑगस्टला एक येई. खोऱ्याच्या कुठल्यातरी चर्चचं छप्पर गळत असेल, वर्गणी मागत असतील, असं समजून तिनं एकही फोडलं नव्हतं. आता एकेक फोडलं. मजकूर तोच. फक्त दुसऱ्या वर्षापासून खाली पेन्सिलीनं एक ओळ जास्त होती: 'गेल्या वर्षीची तुमची पाळी केटिलने केली.' दहा पत्रांत दहा वेळा.

तिनं योरुनला फोन लावला.

"माझ्याकडे तर मेंढीच नव्हती. पाळी कसली?"

"होती ना. दर वसंतात माझ्या कळपातल्या एका कोकराचे कान तुझ्या खुणेत कापते. जनावरावर नसली तर खूण वहीतून जाते. ग्रीमुरला शब्द दिला होता मी."

"मग मला सांगायचं नाही का, योरुन?"

"अकरा पत्रं धाडली. आणखी काय, बॅंड लावून येऊ?"

ज्या माणसानं आपल्या वाट्याचा डोंगर अकरा वर्षं दुखऱ्या गुडघ्यांनी तुडवला, त्याच्याकडे आपण चार वेळा चौसष्ट पानांवर सही मागायला गेलो, एवढं स्वावाला त्या स्वयंपाकघरात उमगलं. तो आपल्याला टाळायलाच गोठ्याची कडी लावतो, असंही तिनं ठरवून टाकलं. सही गेली, असं तिनं धरून चालायला सुरुवात केली.

ओबियागेली मात्र यायचं म्हणत होती. "मुंडकी बघायला येतेच आहे, तीन दिवस आधी येते. नाव लागलं की माणसानं हजर व्हावं." स्तुर्लाला कळलं तेव्हा त्यानं टाळ्या वाजवल्या आणि कॅमेरेवाले पाठवतो म्हणाला.

"कॅमेरा दिसला तर राजा गोठ्यातून बाहेर यायचा नाही," स्वावा म्हणाली.

"मग गोठ्यात पाठवू."

"स्तुर्ला, गप्प बस."

मोहिमेच्या पहिल्या सकाळी डोंगराच्या पायथ्याशी चौदा माणसं, नऊ घोडे आणि ओबियागेली एवढी मंडळी जमली. तिनं नारिंगी रबरी कोट चढवला होता, मासेमारीच्या बोटीवर घालतात तसला, आणि डोक्याला फुलाफुलांचं फडकं घट्ट बांधलं होतं. केटिल आला. स्वावानं त्याला त्या वर्षात प्रथमच पाहिलं. तो तिच्याकडे न बघता ओबियागेलीच्या बुटांकडे बघत राहिला.

"चालता येतं का विचार."

स्वावानं विचारलं.

"चालण्याचं वचन देत नाही म्हणावं," ओबियागेली म्हणाली. "उभं राहायला सांगा. उभं राहण्यात माझा जन्म गेला."

हे सांगितल्यावर केटिलचा चेहरा खुलला. "उभं राहणारं माणूसच मिळत नाही. जो येतो त्याला पळायचं असतं." त्यानं तिला गाढवखिंडीवर नेमलं. मेंढरं हाकारे चुकवून तिथून पलीकडच्या खोऱ्यात सटकतात. तिथं हात पसरून उभं राहायचं आणि कोणालाही जाऊ द्यायचं नाही, एवढंच काम.

"मीही येते वर," स्वावा म्हणाली.

केटिलनं पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. "कशाला? तुझ्या नावावर मेंढी नाही."

त्यात टोमणा नव्हता, आणि टोमणा असता तर तिला सोपं गेलं असतं. तीनशे बारा खुणांमधली तिची एक होती, तिनं ती नमुन्यासाठी देऊन टाकली होती, आणि आता तिला त्या डोंगरावर जागा नव्हती. ती गाडीत बसली आणि स्टॉकहोमच्या लोकांशी फोनवर बोलत राहिली. होय, सही होईल. होय, खोरं उत्साहात आहे.

दुपारी धुकं उतरलं. असं उतरलं की गाडीचं नाकही दिसेना. हाकारे घालणारे एकेक करून परत आले. ओबियागेली आली नाही. तिला कोणी 'आता पुरे' असं सांगितलंच नव्हतं, कारण सांगायला जायचं ते राजानं, आणि राजा दोन घोड्यांसकट धुक्यात भलत्याच ओढ्याला लागला होता. तेव्हा मात्र स्वावा नावावर मेंढी नसताना डोंगर चढली. थर्मास काखेत, ओरडायची सोय नाही, कारण ओरडलं तर मेंढरं उधळतात. खिंडीशी पोचायला तिला दीड तास लागला, आणि पोचते तोच वारा फिरला आणि धुकं एका अंगानं गुंडाळून निघालं.

ओबियागेली खिंडीच्या मध्यभागी हात पसरून उभी होती. सहा तास झाले होते. तिच्यासमोर दहा पावलांवर एक्केचाळीस मेंढ्या उभ्या होत्या. त्याही हलत नव्हत्या. त्यांनी आयुष्यात कधी असं नारिंगी काही पाहिलं नसावं, आणि ते बाजूला होईल अशी आशाही त्यांनी सोडलेली दिसत होती. मागे, घोड्यावर, केटिल बसला होता. भलत्या ओढ्यावरून वाट काढत तो शेवटी इथं पोचला होता.

"मॅडम, हात खाली घेतलात तरी चालेल," स्वावा हलकेच म्हणाली.

"ती डावीकडची पांढरी," ओबियागेली ओठ न हलवता म्हणाली, "धुकं यायच्या आधीपासून माझ्याकडे बघतेय. मी हात खाली घेतला की ती जाणार. मी तिला ओळखते. अशी गिऱ्हाइकं आमच्याकडे पण येतात."

निवडीचा दिवस उघडा, गार आणि गोंगाटाचा होता. गोल कोंडवाडा, त्याला पाईच्या फोडी कराव्यात तसे खण, प्रत्येक शेताचा एक. मेंढरांचे कान बघायचे आणि शिंगं धरून ज्याची त्याच्या खणात ओढत न्यायची. बाक्कीच्या खणावर योरुननं नवी पाटी लावली होती: आबा. दुपारपर्यंत त्या खणात एकच मेंढी आली, पांढरी, डावीकडची. ओबियागेलीनं तिचा जबडा उघडून दात पाहिले, पाठ दाबली, बरगडीवर बोटानं टकटक करून कान देऊन ऐकलं, आणि आवाज पसंत पडला. हिवाळ्यात तिला सांभाळायचं योरुनशी ठरवलं.

स्वावा भिंतीशी उभी होती. केटिल आला आणि त्यानं कोटाच्या आतून चौसष्ट पानं काढली. कोपरे दुमडलेले, समासात पेन्सिलीच्या रेघा, एका पानावर कॉफी.

"गोठ्यात वाचत होतो," तो म्हणाला. "घरात वाचलं असतं तर सून डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेती. शब्दकोश घेऊन बसलो. अठ्ठावन्न पानं मला कळली नाहीत."

"मलाही नाही कळत, केटिल."

"वाटलंच. पण एकोणचाळिसाव्या पानावर आहे, 'सर्व कर्तव्यांसह'. हे तू लिहिलंस?"

"हो."

"तीनशे बारा खुणा म्हणजे तीनशे बारा माणसं. यंदा आम्ही चौदा होतो. पुढल्या वर्षी बारा असू, एक मरतोय आणि एक स्पेनला चाललाय."

सही आता हाताच्या अंतरावर होती. गप्प राहिलं असतं तरी भागलं असतं. नऊ वर्षांत स्वावानं याहून पुष्कळ मोठ्या गोष्टींवर गप्प बसून दाखवलं होतं.

"केटिल, ते लोक यायचे नाहीत. ते खेळतात. अर्ध्यांना वाटतं आइसलंड हे खेळातलंच ठिकाण आहे."

केटिलनं खणाकडे पाहिलं. तिथं ओबियागेली एका शेतकऱ्याला त्याची मेंढी कशी म्हातारी आहे ते खुणांनी पटवून देत होती.

"ही आली," तो म्हणाला. "ती पत्र उघडते. पत्र उघडणारी माणसं जगात निघतील थोडीफार. आमच्यात तेवढीही नाहीत."

त्यानं कुंपणाच्या खांबावर कागद टेकवून सही केली. मग पेन खिशात घालता-घालता म्हणाला, "आणि तू अकरा वर्षं येशील. माझ्या नावानं. माझे गुडघे गेले."

स्टॉकहोमच्या लोकांनी एकोणचाळिसावं पान वाचलं नाही. खेळ फेब्रुवारीत निघाला, खुणा एका आठवड्यात गेल्या, स्तुर्लानं सगळ्यांना पाठपिशव्या वाटल्या. ऑगस्टमध्ये योरुननं तीनशे अकरा नवी पिवळी पाकिटं टपालात टाकली. त्यानंतर कंपनीकडे जी पत्रं आली त्यांना उत्तरं देणं हेच स्वावाचं काम होऊन बसलं. पावसाचे कपडे म्हणजे कसले? राजाला खरंच कळवता का? कळवल्यावर तो काय करतो? पद अजूनही तेच, धंदा वाढवणारी अधिकारी.

सप्टेंबरात सत्तावीस जण आले. गेंटहून एक हिशेबनीस आला, लिओंहून दंतवैद्य नवराबायको, आणि एक जाडा पोलिश माणूस, त्यानं घरून मेंढपाळाची काठी आणली होती. केटिल पायथ्याशी घडीच्या खुर्चीत बसून हुकूम सोडत होता. गाढवखिंडीत नारिंगी कोटातली ओबियागेली, पुढल्या वळणावर दंतवैद्य, आणि सगळ्यात वरच्या, वाऱ्याच्या तोंडावरच्या खिंडीत केटिलच्या नावानं स्वावा उभी होती. अकरातली पहिली पाळी. गारा तिरप्या येत होत्या आणि हात पसरून तास झाला होता.

खिशात फोन वाजायला लागला. स्टॉकहोमच असणार. एकोणचाळिसावं पान कोणीतरी वाचलं असणार.

समोर दहा पावलांवर एक काळी मेंढी थांबली होती आणि तिच्या हाताकडे बघत होती. स्वावानं फोन वाजू दिला.